एका हाताची ओळख : जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांविषयी

वारली चित्र महाराष्ट्रात कुणाला नव्याने दाखवावे लागत नाही. शाळेच्या कुंपणावर, सरकारी कचेरीच्या जिन्यात, साडीच्या काठावर, चहाच्या कपावर ती पांढरी त्रिकोणी माणसे आपण रोज पाहतो. शाळकरी मुलेसुद्धा दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडतात, वर वाटोळे डोके ठेवतात, हातापायांच्या काड्या ओढतात आणि वारली माणूस तयार होतो. इतक्या सवयीच्या झालेल्या गोष्टीकडे नीट पाहणे मात्र अवघड होऊन बसते. हे चित्र कुणी काढले, कशासाठी काढले, एकाच्या चित्रात आणि दुसऱ्याच्या चित्रात फरक काय, असे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. लोककला म्हटली की ती सगळ्यांची. आणि सगळ्यांची म्हणजे कुणा एकाची नाहीच, असे आपण धरून चालतो. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे एकत्र समोर ठेवली की हे धरून चालणे थांबवावे लागते.

म्हसे वारली होते आणि त्यांच्या चित्रातला प्रत्येक आकार त्यांना जमातीकडून मिळाला होता. तरीही त्या आकारांतून त्यांनी जे उभे केले ते त्यांच्या आधी कुणी केले नव्हते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक धरून दुसरी सोडली की हा चित्रकार हातातून निसटतो. काहीजण त्यांना परंपरेचा वाहक म्हणून थांबतात. काहीजण त्यांना जन्मजात प्रतिभावंत ठरवून परंपरेपासून तोडतात. या प्रस्तावनेत मला मधली वाट दाखवायची आहे : चित्रशाळेची पायरी न चढलेल्या या माणसाला कुणी कुणी, कशाने कशाने घडवले, आणि त्या घडणीतून त्याने स्वतःचे काय केले.

म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. हा मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके त्यात गेले. एका अंगाला सह्याद्रीच्या रांगा, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्ग. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरचा हा प्रदेश. पण म्हसे लहान होते तेव्हा तिथल्या वारली माणसाच्या पायाखालची जमीन त्याची नव्हती. ती जमीनदाराची, सावकाराची होती, आणि जंगल ठेकेदाराच्या ताब्यात होते. माणसे वेठीला धरली जात. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्या कर्जापायी त्याच्या घरी राबायला बांधली जात. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. अनेकांचा सारा जन्म त्यात संपे.

म्हसे दहा-अकरा वर्षांचे होते तेव्हा, १९४५ च्या मे महिन्यात, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ व लग्नगडीची पद्धत मोडायची असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने हा लढा चालवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी म्हणून संप झाला आणि तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे मराठी वाचकाला हा इतिहास ठाऊक आहे. म्हसे यांच्या चित्रांविषयी लिहिणारे बहुतेकजण या इतिहासाला स्पर्श करत नाहीत. मला तो वगळता येत नाही. ज्या लग्नासाठी वारली बाई भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहीत होती, त्याच लग्नापायी तिचे घर गहाण पडत होते. त्या चित्रांमधली समृद्धी, धान्याने भरलेली कणगी, गुरांचे कळप, भरलेला पालघट हे सगळे पोटभर जेवणाऱ्या लोकांनी काढलेले नाही. ते देवीकडे मागितलेले मागणे आहे, आणि ते मागण्याइतकी गरज रोज भासत होती.

म्हसे यांच्या बालपणाची एक हकीकत त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात येते. सातएक वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे बंद झाले आणि पुढची काही वर्षे तो मातीत, धुळीत आकृत्या काढून आपले म्हणणे लोकांना सांगत राहिला. पाड्यावरच्या लोकांना हे पोर वेगळे आहे असे वाटू लागले. या हकीकतीला दंतकथेचे रूप देणे सोपे आहे, आणि तसे झालेही आहे. मला तिच्यातली एक साधी बाब महत्त्वाची वाटते. ज्याला बोलता येत नाही त्याचे चित्र समोरच्याला कळावेच लागते. भूक लागली, गुरे तिकडे गेली, पाऊस येतो आहे, हे धुळीत काढून दाखवायचे तर रेघ नेमकी हवी. आकृतीने काहीतरी करताना दिसले पाहिजे. वाकलेला माणूस वाकलेला आणि धावणारा धावताना ओळखू आला पाहिजे. म्हसे यांच्या प्रौढ चित्रांत सुटी, नुसती उभी राहिलेली आकृती फार क्वचित सापडते. त्यांचा प्रत्येक माणूस कशात तरी गुंतलेला असतो. धुळीतल्या त्या सरावाचा हा ठसा असावा, असे मी मानतो.

लहानपणीच त्यांना मजुरीला जावे लागले. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर ते स्थिरावले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

आता त्यांच्या पहिल्या शाळेविषयी. ती शाळा म्हणजे कारवीच्या कुडाची, शेणामातीने सारवलेली, वर गेरूचा हात फिरवलेली भिंत. आणि तिथले शिक्षक म्हणजे बायका. वारली समाजात लग्नाचे चित्र काढण्याचा अधिकार सवासिनींचा. घराच्या आतल्या, अंधाऱ्या खोलीत, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने त्या लग्नचौक लिहितात. चारी बाजूंनी नक्षीचे पट्टे, मधल्या मोकळ्या जागेत पालघट देवी. ती सुफलतेची, वनस्पतींची, भरल्या घटाची देवी. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, बाशिंग. शेजारी लहानसा देवचौक, त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या; काही चित्रांत त्याच्या मानेतून धान्याचे कोंब फुटलेले असतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांच्या सोबतीने देवी भिंतीवर उतरते. हा चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

या चित्रातली दोन वैशिष्ट्ये पुढच्या सगळ्या कथेसाठी ध्यानात ठेवायला हवीत. पहिले, ते टिकवण्यासाठी काढलेले नसते. लग्न झाले, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली की चित्र संपले. पुढच्या लग्नाला नवे. त्यामुळे ही कला वस्तूत साठत नव्हती. ती बायकांच्या हातात आणि धवलेरीच्या गाण्यात साठत होती. दुसरे, चौकाच्या आतला भाग नियमांनी बांधलेला असला तरी बाहेरच्या भिंतीवर हात मोकळा असे. तिथे वाजंत्री येत, नाचणारी माणसे येत, झाडे, माकडे, मोर, वाघ येत. चौकाच्या आत विधी आणि बाहेर जग, अशी ही वाटणी होती. म्हसे यांनी त्या बाहेरच्या जागेतून आपली वाट काढली.

ते पुरुष होते. लग्नाची पवित्र आकृती लिहिणे त्यांच्याकडे येणार नव्हते. पाहणे मात्र त्यांना कुणी मना केले नव्हते. त्यांना विधीची सक्ती नव्हती, आणि कदाचित म्हणूनच त्यांना लग्नाची वाट पाहावी लागली नाही. लग्न नसताना, सण नसताना, देवी मांडायची नसतानाही ते रोज चित्र काढू लागले. वारली चित्रकलेतला सर्वांत मोठा पालट कागद किंवा रंग यांनी झाला नाही. तो या रोज काढण्याने झाला. प्रसंगी होणारे काम एका माणसाचे नित्याचे काम झाले. नित्याच्या कामातच हात सुधारतो, चूक कळते, कंटाळा येतो आणि त्या कंटाळ्यातून नवे सुचते.

दुसरी शाळा शेताची. भातशेती करणाऱ्या माणसाची नजर कशी तयार होते, हे या चित्रांत पावलोपावली दिसते. राब भाजायचा, पेरायचे, रोपे उपटून चिखलात ओळीने आवणी करायची, कापणी करून भारे खळ्यावर आणायचे, झोडायचे, कणगीत भरायचे. यातल्या प्रत्येक कामात एकाच हालचालीची हजारदा पुनरावृत्ती असते, आणि तरी कोणतीही दोन रोपे, दोन पेंढ्या सारख्या नसतात. म्हसे यांचे भाताचे शेत पाहा. बारीक बारीक रेघांची दाटी, लांबून एकसंध पोत वाटतो. जवळ गेले की प्रत्येक रेघ वेगळ्या कलाने झुकलेली आढळते. छापील वारली नक्षीत हे कधी मिळत नाही, कारण तिथे एक आकार काढून त्याच्या नकला केलेल्या असतात. म्हसे नक्कल करत नाहीत. ते प्रत्येक रोप लावतात.

तिसरी शाळा नाचाची. तारपा हे वाद्य सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांचे बनते. भात तयार होण्याच्या दिवसांत रात्री तारपा वाजू लागतो. वादक मधे, आणि एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफलेले स्त्रीपुरुष त्याच्याभोवती गोल फिरतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा संकेत. वादक वळेल तशी रांग वळते, म्हणून वर्तुळ पुरे न मिटता नागासारखे वेटोळे होते. म्हसे यांनी हे वेटोळे कितीतरी वेळा काढले. ते वरून पाहिलेले आहे की समोरून, हे सांगता येत नाही. रांग वरून दिसते आणि माणसे बाजूने दिसतात. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी ही चूक म्हणून खोडली असती. नाचणाऱ्याला मात्र नाच असाच जाणवतो : गोलाची जाण सगळ्या अंगाला असते आणि डोळ्यांना शेजारचा माणूस दिसतो.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कळंबीपाड्यावर भास्कर कुलकर्णी आले. त्यांच्याविषयी मराठीत अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही. मुंबईचा हा चित्रकार पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, बिहारमध्ये दुष्काळ असताना १९६६ च्या सुमारास मिथिलेत गेला होता, आणि तिथे घराच्या भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकांच्या हाती त्याने कागद दिला होता. मधुबनीची चित्रे त्यानंतर देशाला आणि जगाला माहीत झाली. तेच काम घेऊन कुलकर्णी डहाणूच्या बाजूला आले. त्यांना बायकांची चित्रे हवी होती, कारण परंपरेने ती बायकांचीच होती. तिथे त्यांना हा तिशी ओलांडलेला, अबोल पुरुष भेटला. त्याच्या हातात त्यांना असे काही दिसले की पुढची सगळी दिशा बदलली.

कुलकर्णी यांचे मोठेपण असे की त्यांनी म्हसे यांना शिकवले नाही. साहित्य दिले, बाजाराची वाट दाखवली आणि हात आहे तसा राहू दिला. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. ज्या दालनात तेव्हाचे आघाडीचे आधुनिक भारतीय चित्रकार लागत, तिथे गंजाडच्या शेतमजुराची चित्रे लागली. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, आदिवासी कलेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फ्रान्समधल्या मांतो येथे त्यांची चित्रे गेली.

भिंतीवरून कागदावर येताना काय काय बदलले, याचा विचार करण्यासारखा आहे. भिंत घराची असते. चित्र पाहायचे तर घरात जावे लागते, लग्नाचे पाहुणे व्हावे लागते. कागद कुठेही जातो आणि त्याला अनोळखी माणूस पाहतो. त्या अनोळखी माणसाला पालघटाची कथा ठाऊक नसते, गाणे ऐकू येत नाही. भिंतीवरचे चित्र गाण्याच्या आधाराने उभे होते. कागदावरच्या चित्राला स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते. म्हसे यांच्या चित्रांत कथा वाढत गेल्या, त्या मला वाटते याच गरजेतून. देवांच्या गोष्टी, कणसरीची म्हणजे धान्यदेवतेची गोष्ट, माणसे आणि प्राणी यांच्या गोष्टी, पाड्यावरचा एक संपूर्ण दिवस. एकेका चित्रात अनेक प्रसंग शेजारी शेजारी येऊ लागले. दुसरा बदल कडांचा. चौकाला चौकट असते आणि मध्य असतो. म्हसे यांच्या मोठ्या चित्रांत मध्य विरघळतो. नजर कुठूनही आत शिरते आणि कुठेही फिरते. तिसरा बदल साहित्याचा. तांदळाच्या पिठाच्या जागी पांढरा अॅक्रिलिक रंग आला, कागदाबरोबर कॅनव्हास आला. पण कॅनव्हासवर ते शेणाचा हात देत राहिले. भिंत मागे राहिली तरी तिची त्वचा त्यांनी बरोबर घेतली.

आता खुद्द चित्रांकडे वळतो. या संग्रहात मासेमारीचे जाळे हा विषय पुन्हा पुन्हा येईल. त्यावर थांबा. शेणाच्या तपकिरी भूमीवर जाळ्याची पांढरी वीण जवळजवळ सारी जागा व्यापते. आसे लहानमोठे होतात, कुठे ताणले जातात, कुठे सैलावतात, आणि नुसत्या या ताणाने व सैलपणाने पाण्याचा फुगवटा तयार होतो. पाणी काढलेले नाही. रंगाची छटा नाही, सावली नाही. एक पांढरा रंग आणि बारीक रेघ एवढ्यावर खोली उभी राहते. त्या अफाट जाळ्यापुढे ते टाकणारा माणूस इवलासा असतो. माशांची, किड्यांची, पाखरांची गर्दी त्याच्याइतकीच महत्त्वाची असते. माणूस जगाच्या मध्यभागी नाही, तो जगाच्या दाटीत आहे. ही जाणीव म्हसे यांना कुठल्या विचारवंताने दिली नव्हती. जंगलात आणि शेतात राहणाऱ्याला ती आपोआप असते. चित्रात ती मांडण्याचे कसब मात्र आपोआप येत नाही, आणि तेच त्यांनी कमावले.

त्यांच्या रेघेविषयी आणखी एक. वारली माणसाची कंबर म्हणजे दोन त्रिकोणांची टोके जिथे भेटतात तो बिंदू. तो बिंदू सांध्यासारखा काम करतो. वरचा त्रिकोण किंचित कलला की माणूस ओझे उचलतो, जास्त कलला की आवणीला वाकतो, उलट कलला की तारपा वाजवतो. सामान्य वारली चित्रकार या सांध्याच्या चारदोन ठरावीक जागा वापरतो. म्हसे यांच्याकडे त्या असंख्य आहेत. त्यांच्या चित्रातल्या गर्दीत एखाद्या बाईच्या डोक्यावरचा भारा किती जड आहे हे तिच्या मानेच्या रेघेवरून सांगता येते. ठिपके आणि तुटक रेघा यांचाही वापर असाच. ठिपक्यांची दाटी कमीजास्त करून ते पाऊस, धूळ, वारूळ, मोहोर, पाखरांचा थवा हे सगळे दाखवतात. या सगळ्यामुळे त्यांची चित्रे स्थिर राहत नाहीत. पाहताना सतत काहीतरी सरकते आहे, रांगते आहे, उडते आहे असा भास होतो.

जगाने म्हसे यांना पुढे पाहिले, त्यातले टप्पे थोडक्यात सांगतो. १९८९ साली पॅरिसमध्ये ज्याँ-ह्यूबेर मार्तां यांनी ‘मॅजिसियां द ला तेर’ हे प्रदर्शन भरवले. पाश्चात्त्य जगातले नामवंत कलावंत आणि बाकीच्या जगातले कलावंत एकाच पातळीवर मांडण्याचा तो मोठा प्रयत्न होता. म्हसे त्यात होते, आणि मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्यामही होते. १९९८ साली ज्योतींद्र जैन यांनी ‘अदर मास्टर्स’ या पुस्तकात पाच लोककलावंतांचा व्यक्ती म्हणून अभ्यास मांडला : सोनाबाई, नीलमणी देवी, गंगा देवी, जनगढसिंह श्याम आणि जिव्या सोमा म्हसे. जमातीच्या नावाखाली पुसली जाणारी माणसे स्वतंत्र कलावंत म्हणून अभ्यासायची, हा त्या पुस्तकाचा आग्रह आपल्याकडे अजून पुरता मुरलेला नाही. २००३ साली इंग्लिश कलावंत रिचर्ड लाँग वारल्यांच्या मुलखात आले. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ येथे आणि पुढे मिलान येथे दोघांची कामे एकत्र लागली. चालणे हीच ज्यांची कला, दगड, माती, चिखल हे ज्यांचे साहित्य, असे लाँग. आणि शेणाच्या भूमीवर जगाची हालचाल टिपणारे म्हसे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण जमिनीशी दोघांचेही नाते घट्ट होते. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री म्हसे यांना मिळाली. मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

एवढे होऊनही ते कळंबीपाड्यावरच राहिले, याचा अर्थ नीट लावायला हवा. जनगढसिंह श्याम भोपाळला गेले, तिथल्या भारत भवन या कलाकेंद्राच्या आधाराने त्यांनी गोंड चित्रकलेची एक संपूर्ण नवी शैली घडवली आणि २००१ साली जपानमध्ये, घरापासून फार दूर, त्यांनी जीवन संपवले. दोन आयुष्यांची तुलना करून एकाला शहाणे ठरवणे अन्यायाचे होईल. पण म्हसे यांच्या बाबतीत पाड्यावर राहणे हा कामाचा भाग होता, हे खरे. त्यांचे विषय दाराबाहेर होते. शेत सुटले असते तर रेघही सुटली असती. त्यांच्या भोवती चित्रे काढणाऱ्यांची पिढी तयार झाली ती याच राहण्यामुळे. त्यांची मुले सदाशिव आणि बाळू हेही नावाजलेले चित्रकार झाले.

या चित्रांना ‘आदिम’ म्हणण्याची सवय मला सोडवत नाही अशी कबुली अनेक अभ्यासक देतील. वारली आकृत्या गुहाचित्रांसारख्या दिसतात हे खरे. त्या साम्याचा अभ्यासही व्हावा. पण हजारो वर्षांपूर्वीची कला असे एकदा म्हटले की चित्रकाराचा काळ पुसला जातो. म्हसे विसाव्या शतकात जगले. त्यांच्या मुलखातून आगगाडी जात होती, महामार्ग जात होता, जंगल तुटत होते, जमिनीचे लढे झाले होते, निवडणुका होत होत्या. ते विमानाने परदेशी गेले आणि परत येऊन भाताला लागले. ते केमोल्डमध्ये लागणाऱ्या चित्रकारांचे समकालीन होते आणि त्यांचे काम त्याच काळाचे काम म्हणून पाहिले पाहिजे. त्यांना गुहेत पाठवणे म्हणजे त्यांच्या निवडी, त्यांचे प्रयोग, त्यांचे कष्ट नाकारणे होय.

दुसरा धोका बाजाराचा. आज वारली नक्षी कुठल्याही कारखान्यात छापली जाते आणि तिच्यातला पैसा बहुतेकदा पाड्यावर पोचत नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे हक्क सांगण्याची कायदेशीर सोय झाली. पण ग्राहकाला अस्सल आणि नक्कल यांतला फरक कळत नसेल तर कायदा एकटा फार काही करू शकत नाही. तो फरक कळण्यासाठी चांगली चित्रे भरपूर आणि जवळून पाहावी लागतात. या संग्रहाचा मोठा उपयोग तोच आहे. जो वाचक इथले एक शेत, एक जाळे, एक तारप्याचे वेटोळे मन लावून पाहील, त्याला छापील नक्षीतला निर्जीवपणा पुन्हा कधी नजरेआड करता येणार नाही.

पाहण्याची एक रीत सुचवतो. आधी चित्र हातभर लांब धरा आणि त्याचा पोत पाहा. कुठे दाटी आहे, कुठे जागा मोकळी सोडली आहे. मग जवळ घेऊन एका कोपऱ्यातून सुरुवात करा आणि रांगेने माणसे पाहत जा. कोण काय करतो आहे ते स्वतःशी सांगा. लहान मुले सोबत असतील तर त्यांना सांगू द्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते. आणि ज्यांनी भाताची आवणी केली आहे, जाळे टाकले आहे, जंगलातून मोळी आणली आहे, अशा माणसाला ही चित्रे दाखवून त्याचे म्हणणे ऐका. म्हसे यांच्या चित्रांचे सर्वांत जाणते वाचक ते आहेत, आणि आपल्या कलासमीक्षेने त्यांना अजून विचारलेले नाही.

शेवटी एक बाकी राहिलेली गोष्ट. म्हसे यांच्या यशानंतर वारली चित्रकला मोठ्या प्रमाणावर पुरुषांची झाली. घरे चालली, मुले शिकली, जमातीची मान उंचावली. हे सगळे मोलाचे आहे. पण ज्यांच्या भिंती पाहून हा चित्रकार घडला त्या सवासिनींची आणि धवलेरींची नावे कुठल्याही प्रदर्शनाच्या यादीत नाहीत. त्यांनी कधी सही केली नाही, त्यांचे काम सारवणाखाली गेले. आज पाड्यांवर अशा बायका आहेत ज्यांना चौक येतो, ज्यांना गाणी पाठ आहेत. म्हसे यांचे ऋण मानायचे तर त्या बायकांकडे जायला हवे. त्यांचे चौक त्यांच्या नावानिशी नोंदवायला हवेत, गाणी त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करायला हवीत, आणि त्या कामाचा मोबदला त्यांच्या हातात पडायला हवा. जिव्या सोमा म्हसे यांच्यावरच्या या पुस्तकानंतर मराठीत जे पुस्तक यायला हवे ते त्यांच्या या गुरूंचे. ते काम उशिरा सुरू होत आहे, आणि म्हणूनच ते आता थांबता कामा नये.